कोंबड्यांचा वाटा फोडणीच्या आधी

पुण्यात घरी कोंबड्या पाळल्यात म्हटलं की लोकांचे दोनच प्रश्न असतात. एक, शेजारचे भांडत नाहीत का, आणि दुसरा, "मग काय बाई, घरातलं उरलंसुरलं सगळं खपत असेल!" पहिल्याचं उत्तर असं की कोंबडा ठेवला नाही तर फारसं कोणी भांडत नाही (अंडी द्यायला कोंबडा लागत नाही हे अजून निम्म्या पुण्याला सांगावं लागतं, कोंबडा पिल्लांसाठी लागतो). दुसऱ्याचं उत्तर 'हो' पण आहे आणि 'नाही' पण, आणि ते दर वेळी गेटपाशी उभं राहून समजवायचा कंटाळा आला म्हणून एकदाचं लिहून टाकतेय.

धायरीला आमचं छोटं रो हाऊस आहे, मागे कंपाउंडच्या भिंतीला लागून चिंचोळी जागा, त्यात एक शेवगा, त्याच्या सावलीत खुराडं, वरून जाळी घारींसाठी आणि जमिनीत फूटभर गाडलेली जाळी मुंगसांसाठी. पाच जणी आहेत. दोन तांबड्या आरआयआर म्हणजे ऱ्होड आयलंड रेड, दोन गावरान आणि एक कडकनाथ, जिला आपल्या रंगाचा आणि बाजारभावाचा, दोन्हीचा माज आहे. (नाही, कडकनाथचं अंडं काळं नसतं. फिकट बदामी असतं. हाही प्रश्न येतोच.)

तर उरलंसुरलं. आपल्या घरात जेवणं झाल्यावर पातेल्यात जे उरतं ना, त्या सगळ्यात मीठ असतं. पोहे, उपमा, उसळ, आमटी, कोबीची भाजी, सगळ्यात. वर तेल, फोडणी, कांदा. आणि कोंबडीला मीठ झेपत नाही. तिला लागतं तेवढं मीठ विकतच्या तयार फीडमध्येच घातलेलं असतं, साधारण 0.3 ते 0.4 टक्के, त्यावर रोज वाटीभर आमटीभात ओतला की ती पाण्याच्या भांड्यापाशी चिकटून बसते, शी पातळ व्हायला लागते आणि प्रमाण फारच झालं तर कोंबडी मरू पण शकते. म्हणून आमच्याकडे नियम असा आहे की कोंबड्यांचा वाटा जेवणानंतर काढायचाच नाही, फोडणीच्या आधी काढायचा. ओट्यावर एक झाकणाचा स्टीलचा डबा असतो आणि तो भाजी चिरतानाच भरतो.

आणि गंमत म्हणजे असं बघायला लागलं की कळतं आपल्या स्वयंपाकात बिनमिठाचं किती काय असतं! साधा भात बिनमिठाचा. ज्वारी-बाजरीची भाकरी बिनमिठाची, निदान आमच्याकडे तरी. कुकरमधून काढलेली तुरीची डाळ, वरणाचं मीठ-हळद-हिंग पडायच्या आधी. मोड आलेली मटकी. भिजवून निथळत ठेवलेले पोहे. होळीला पुरणासाठी शिजवलेली हरभऱ्याची डाळ, गूळ घालायच्या आधी. कोशिंबिरीसाठी किसलेली काकडी. यातलं मूठभर बाजूला काढलं की झालं, वेगळं काही आणायला नको.

समोरच्या बिल्डिंगमधल्या काकूंना हे समजवायला मला बराच वेळ लागला. त्या फार प्रेमाने डबा घेऊन यायच्या, "अगं, सकाळचेच पोहे आहेत, फेकायचं जिवावर आलं, घाल तुझ्या पोरींना." मी म्हटलं काकू, पोहे आम्हीच खातो, त्यांच्यासाठी तुम्ही भिजवलेल्यातले मूठभर वेगळे काढत जा. त्यांना वाटलं मी चेष्टा करतेय. आता त्या दुधीच्या साली आणि कोथिंबिरीची देठं पाठवतात आणि वर फोन करून विचारतात, खाल्ली का गं.

घरात खरा विरोध मात्र सासूबाईंचा. त्यांचं माहेर भोर तालुक्यातलं, लहानपण कोंबड्यांत गेलेलं, डालग्याखाली झाकलेल्या कोंबड्या सकाळी सोडायच्या आणि संध्याकाळी परत झाकायच्या, मधे त्या काय खातात ते त्यांचं त्यांना माहीत. त्यामुळे मी गॅसवर कोंबड्यांसाठी पातेलं ठेवलं की, "आम्ही कधी कोंबड्यांना रांधून घातलं नाही बाई. उकिरड्यावर चरायच्या त्या." मुद्दा चुकीचा नाहीये. पण अहो आई, उकिरडा म्हणजे केवढी मोठी खानावळ होती ती! अळ्या, किडे, वाळवी, सांडलेलं धान्य, कोवळं गवत, खडे, सगळं एका जागी. आणि गावरान कोंबडी वर्षाला देते किती, 60 ते 80 अंडी, मधे मधे अंडी उबवायला खुडूक बसते ते वेगळंच. आमच्या तांबड्या वर्षाला 200 च्या पुढे जातात आणि चिंचोळ्या जागेत, शहाबादी फरशीच्या कडेला राहतात. एकेका अंड्याच्या टरफलात 2 ग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं, ते कुठून तरी यायला हवं ना, खाण्यातून आलं नाही तर ती स्वतःच्या हाडातून काढते.

म्हणून मुख्य जेवण लेयर फीडच, म्हणजे अंड्यावरच्या कोंबड्यांचं तयार खाद्य. त्यात प्रोटीन 16 ते 18 टक्के आणि कॅल्शियम साडेतीन-चार टक्के असं मोजून बांधलेलं असतं, आणि आपण वरून भात-भात करत राहिलो की ते सगळं गणित पातळ होतं. कोंबडी दिवसाला 100 ते 120 ग्रॅम फीड खाते, घरचा खाऊ त्याच्या दहाव्या हिश्श्यापेक्षा जास्त नको असं सगळे जाणकार सांगतात. शिजवलेल्या ओल्या खाऊत पाणीच जास्त असतं त्यामुळे अंदाज सोपा पडतो, दोघींत मिळून एक मूठ. आमच्या पाच जणींना अडीच मुठी. बास. आणि तोही दुपारनंतर, सकाळी फीड खाऊन झाल्यावर, नाहीतर फीड तसंच राहतं आणि सगळ्या खाऊची वाट बघत दाराशी उभ्या.

आता शिजवायचं कशाला, साली कच्च्या टाकल्या तर खात नाहीत का? कोवळ्या खातात. पण कोंबडीला दात नाहीत, गाजराची चिवट साल नाहीतर दुधीची जाड साल चोचीत धरून झटकते, इकडून तिकडे उडवते आणि सोडून देते, मग ती तिथेच कुजते. जे गिळलं ते आधी गळ्याखालच्या पिशवीत जाऊन भिजतं आणि मग पेठ्यात दळलं जातं. आपण चिकनच्या दुकानातून कलेजी-पेठा आणतो ना, तोच पेठा, आणि तो दळू शकतो कारण कोंबडी बारीक खडे गिळत असते, ते आत जात्याचं काम करतात. जागा सगळी सिमेंटची असेल तर जाड वाळूचं एक भांडं ठेवावंच लागतं. लांब दोऱ्या असलेलं काही, म्हणजे मेथीची अख्खी देठं, पालकाचे लांब दांडे, मक्याच्या कणसाचे केस, हे त्या पिशवीत गुंता होऊन अडकू शकतं, म्हणून मी सगळं आधी बारीक चिरते, अगदी अर्ध्या पेराएवढं.

रोजचा खाऊ असा. डब्यात दिवसभरात जमलेलं, म्हणजे गाजर-दुधी-लाल भोपळा-बीट यांच्या साली, कोथिंबिरीची देठं, कोबीचं बाहेरचं पान, फ्लॉवरचा दांडा, मटारच्या कोवळ्या साली. सगळं धुऊन चिरून कुकरच्या छोट्या भांड्यात, त्यात मूठभर तांदळाची कणी आणि बुडेल इतकंच पाणी, घरच्या कुकरमध्येच वरच्या मजल्यावर, वेगळा गॅस नाही. दोन शिट्ट्या. गार झालं की त्यात शिळी भाकरी कुस्करायची, आणि कणीक चाळल्यावर चाळणीत राहतो तो कोंडा, किंवा गिरणीवाल्याकडून आणलेला कोंडा, थोडा थोडा घालत जायचं. कुठे थांबायचं? मूठ दाबली की लाडू वळला पाहिजे आणि अंगठ्याने टिचकी मारली की भुरभुरून फुटला पाहिजे. जास्त ओलं राहिलं तर चोचीला थापतं, त्या डोकं झटकतात आणि ते माझ्या गाऊनवर, आणि चिकट गोळे त्यांच्या गळ्यात पण बसतात. शेवटी शेवग्याचा पाला, ओरबाडून, कच्चाच. शेवगा दारात असेल तर पाला फुकट आणि प्रोटीनला चांगला, आमच्या गावरान जोडीतली एक जण तर खालच्या फांदीला उडी मारून लोंबकळते.

भाकरी ठीक, पण पाव नको. पावात मीठ असतं आणि भिजला की त्याचा लगदा होतो. पोळी चालते, कणकेत अगदी चिमूट मीठ असतं, तेल न लावलेली असेल तर उत्तमच, पण तव्यावर परत कडक करून चुरायची, लांब पट्ट्या टाकायच्या नाहीत.

आणि आता कोंबड्यांची इडली, ज्यावरून आईंनी अख्ख्या नातेवाइकांत माझी पब्लिसिटी केली. हे महिन्यातून कधीतरी, अंडी साठली की. अंडं फोडून थेट टरफलासकट मिक्सरमध्ये फिरवायचं (जुनं भांडं घ्या, पात्याची वाट लागते), त्यात ज्वारीचं पीठ, कोंडा, किसलेला लाल भोपळा, दोन चमचे ताक, असेल तर तिळाची पेंड, आणि इडलीपात्रात पंधरा मिनिटं वाफवायचं. सोडा, इनो काही नाही, त्यातही सोडियमच असतं, आणि कोंबडीला इडली हलकी झाली काय आणि दगड झाली काय. दगडच होते. गार करून चार तुकडे, आणि एकेकीला एकेक तुकडा लांब लांब फेकायचा, नाहीतर कडकनाथ एकटीच सगळं ताब्यात घेते आणि खात पण नाही, नुसती घेऊन पळते आणि बाकीच्या चौघी तिच्या मागे. अंडं कोंबडीलाच घालायचं हे ऐकून लोकांना कसंतरी होतं, पण शिजवलेलं अंडं हे त्यांच्यासाठी फार चांगलं प्रोटीन आहे, विशेषतः पावसाळा संपता संपता पिसं गळायला लागतात तेव्हा, कारण पिसं जवळजवळ सगळी प्रोटीनचीच बनलेली असतात आणि त्या दिवसांत अंडी आपोआप कमी होतात. फक्त कच्चं अंडं दाखवायचं नाही. एकदा घरट्यात अंडं फोडून खायची चटक लागली की ती मोडत नाही.

नुसत्या टरफलांचं पण तेच. कधी अख्ख्या अर्ध्या वाट्या टाकायच्या नाहीत, अंडं ओळखू येता कामा नये. मी आठवड्याची टरफलं धुऊन उन्हात ठेवते, मग लोखंडी तव्यावर मंद आचेवर, आतली पातळ कातडी करपट सुकेपर्यंत भाजते, वास जरा जळक्या केसांसारखा येतो तेव्हा खिडकी उघडा, आणि खलबत्त्यात जाडसर कुटते. पावडर नाही, रव्यापेक्षा मोठी. टरफल म्हणजे 90 टक्क्यांच्या वर कॅल्शियम कार्बोनेटच, पण ते खाऊत मिसळायचं नाही, वेगळ्या वाटीत ठेवायचं. जिला हवं ती खाते, किती हवं ते तिला आपल्यापेक्षा बरं कळतं. अंड्यावर न आलेल्या तलंगांना मात्र देऊ नये, जास्तीच्या कॅल्शियमने त्यांच्या किडन्या खराब होतात.

मधेच एक मजेची गोष्ट. कोंबडीला मिरची तिखट लागत नाही. खरंच. मिरचीतलं कॅप्सेसिन आपल्याला ज्या रिसेप्टरमुळे जाळतं तो पक्ष्यांमध्ये वेगळ्या घडणीचा आहे आणि कॅप्सेसिनला दादच देत नाही, 2002 मध्ये कोंबडीवरच हे संशोधन झालं होतं. म्हणूनच पक्षी मिरच्या खाऊन बिया लांब लांब पसरवतात. घरी कोणी पाहुणे आले आणि बरोबर लहान मुलं असली की मी एक पिकलेली लवंगी मिरची आणते, आमची तांबडी ती शेंगदाण्यासारखी खाते आणि मुलं तोंडाचा आ करून बघत बसतात. म्हणून ठेचा घालू नका हां, ठेच्यात मीठ किती असतं बघा. आणि गोडाचं उलट, गोड चव ओळखायला जे जीन लागतं ते कोंबड्यांकडे नाहीच. शिऱ्यावर तुटून पडतात ते रव्यावर. तेव्हा गूळ-साखर घालून कौतुक करायची गरज नाही, त्यांना कळतच नाही तुम्ही कौतुक केलंय.

न घालायच्या गोष्टी बऱ्याच ठिकाणी लिहिलेल्या सापडतात. चॉकलेट, चहाचा चोथा, कॉफी, हिरवट पडलेल्या बटाट्याच्या साली, हल्ली सुपरमार्केटमध्ये दिसतं त्या अ‍ॅव्होकॅडोची साल आणि बी, कच्चा राजमा (भिजवून कुकरला मऊ शिजवला की चालतो, कच्च्यातलं विष नीट उकळल्याशिवाय जात नाही). कांदा फार झाला तर रक्तातल्या लाल पेशी फुटतात, थोड्याने काही होत नाही पण मराठी घरात कांद्याचं 'थोडं' कधीच नसतं म्हणून मी तो डब्यात टाकतच नाही. पण आपल्याकडच्या दोन-तीन गोष्टी त्या याद्यांमध्ये नसतात, त्या सांगते.

एक, सीताफळाच्या बिया. सासवड-पुरंदर जवळ असल्याने सीझनला घरोघरी सीताफळं येतात आणि बियांचा ढीग पडतो. याच बिया वाटून पूर्वी उवा मारायला डोक्याला लावायचे आणि डोळ्यात गेलं तर काय होतं ते जुन्या बायकांना विचारा. गर चिकटलेली साल द्या, बिया वेचून काढा.

दोन, किडे लागलेलं धान्य. पावसाळ्यात रव्यात अळ्या झाल्या, तांदळात पोरकिडे झाले, गव्हाला टोके लागले, की कोंबड्यांची चंगळ, किड्यांसकट द्यायचं, ते तर उलट बोनस आहेत. पण आधी आठवा त्या डब्यात काय ठेवलं होतं. बऱ्याच घरांत वर्षाच्या गव्हात पाऱ्याच्या गोळ्या किंवा बोरिक पावडर घालतात. आपण ते धान्य निवडून, धुऊन, वाळवून खातो, कोंबडी तसंच टिपते. कडुलिंबाचा पाला ठेवला असेल तर हरकत नाही. गोळ्यांचा गहू असेल तर नको म्हणजे नको, कोणी कितीही प्रेमाने दिला तरी.

तीन, बुरशी. सगळ्यात जास्त हीच चूक होते कारण लोकांना वाटतं कोंबडी काय, काहीही पचवते. 1960 मध्ये इंग्लंडात एक लाखाहून जास्त टर्की पटापट मेल्या, रोग कुठला ते कळेना म्हणून त्याला नावच 'टर्की एक्स' दिलं, आणि शेवटी मूळ सापडलं ते खाण्यातल्या शेंगदाण्याच्या पेंडीतल्या बुरशीत. अफ्लाटॉक्सिनचा, म्हणजे त्या बुरशीच्या विषाचा, शोध त्यातून लागला. ते लिव्हर खातं, आणि भाजून-उकळून जात नाही हा त्यातला वाईट भाग. आता आपल्या शेंगदाण्याच्या कुटाचा डबा आठवा, जुलै-ऑगस्टमध्ये, धायरीची दमट हवा आणि ओला चमचा. काळपट, सुरकुतलेले, कडू दाणे आणि हिरवट ठिपके आलेली भाकरी सरळ कचऱ्यात. शिजवून शुद्ध होईल हा विचार इथे चालत नाही.

मांसाहाराबद्दल पण विचारतात. ब्रिटनमध्ये तर घरच्या स्वयंपाकघरातून गेलेलं काहीही कोंबड्यांना घालायला कायद्याने बंदी आहे, अगदी परसातल्या चार कोंबड्यांनाही, फक्त पूर्ण व्हीगन घर असेल तर सूट. 2001 मध्ये त्यांच्याकडे लाळ्या-खुरकुताची भयंकर साथ आली होती, तिचा माग डुकरांना घातलेल्या खरकट्यापर्यंत गेला, तेव्हापासून ते फार कडक झालेत. आपल्याकडे असा नियम नाही पण मागचं कारण मला पटतं. भारतात बर्ड फ्लू पहिल्यांदा सापडला तो आपल्याच राज्यात, 2006 मध्ये नवापूरला. म्हणून विकतच्या कच्च्या चिकनचे तुकडे, ते धुतलेलं पाणी, काही म्हणजे काही मागच्या दारी जात नाही. विकतच्या अंड्यांची टरफलं असतील तर ती भाजल्याशिवाय नाही. मासळी मात्र मी देते, आणलेल्या मासळीची डोकी बिनमिठाच्या पाण्यात उकडून काटे काढून, किंवा सुकट दोनदा पाण्यात भिजवून खारटपणा काढून. थोडीच. सलग दिली की अंड्यांना वास येतो आणि मग ऑम्लेट खाताना घरातले माझ्याकडे बघतात.

उन्हाळ्यात शिजवणं जवळजवळ बंद. एप्रिलमध्ये पारा 40 ला टेकला की कोंबड्या चोच उघडी टाकून, पंख अंगापासून लांब धरून बसतात, त्यांना घाम येत नाही ना. तेव्हा कलिंगडाची साल, आतला पांढरा भाग ठेवून, फ्रीजमध्ये गार करून उपडी नव्हे, उताणी ठेवायची, तासाभरात हिरवा कागद उरतो. काकडीची टोकं, कडू नसली तरी आपण चोळून कापून टाकतोच, ती. आणि पातळ बिनमिठाचं ताक, उथळ भांड्यात अगदी थोडं, दूध मात्र नाही, पचत नाही त्यांना. शिजवलेलं काही घातलंच तर अर्ध्या तासात उरलेलं उचलायचं, पुण्याच्या मे महिन्यात भात दोन तासांत आंबतो. आणि संध्याकाळी तर अजिबात काही शिल्लक ठेवायचं नाही, घुशी येतात. घूस एकदा आली की ती खाऊवर थांबत नाही, खुराड्याखाली बीळ पाडते.

दिवाळीतलं एक सांगायचं राहिलं. फराळ द्यायचा नाही, चिवडा-चकली म्हणजे मीठ आणि तेल, पण चकलीची जी भाजणी डब्याच्या तळाशी उरते आणि पुढच्या वर्षी फेकली जाते, ती द्या. भाजलेले तांदूळ, डाळी, धणे, सगळं दळलेलं आणि अजून मीठ न पडलेलं! रोजच्या खाऊत कोंड्याऐवजी ती घालायची. खवट वास येत नाही ना तेवढं बघून.

आणि दसऱ्याचा झेंडू. झेंडूच्या पाकळ्यांमध्ये जो पिवळा-केशरी रंग असतो, ल्युटीन वगैरे, तो थेट अंड्याच्या बलकात उतरतो, फीड बनवणारे लोक पण झेंडूचा अर्क याचसाठी वापरतात. मंडईतून आणलेली फुलं मी देत नाही, त्यावर काय फवारलेलं असतं कोण जाणे, पण कुंडीतल्या झेंडूच्या पाकळ्या सोडवून खाऊवर भुरभुरल्या की आठवडा-दहा दिवसांत बलक गडद केशरी होतात. पालेभाज्यांची देठं, कोथिंबीर, शेवगा, मका यांनी पण होतात. फक्त त्यावरून 'गावरान म्हणजे जास्त पौष्टिक' असं कोणी विकत असेल तर फसू नका, बलकाचा रंग हा खाण्यातल्या रंगाचा असतो आणि टरफलाचा ब्राऊन रंग जातीचा. आमच्या तांबडीचं अंडं बघून एक बाई मला "ओरिजिनल गावरान" म्हणून डझनाला चढा भाव द्यायला निघाल्या होत्या, आणि खऱ्या गावरानचं छोटं फिकट अंडं त्यांनी बाजूला सारलं.

महापालिकेची ओल्या कचऱ्याची बादली आमची अजून रिकामी होत नाही, हे पण सांगून टाकते, कारण "मग कचरा शून्य झाला असेल" असं लोक गृहीत धरतात. कांद्याच्या साली, लिंबाच्या फोडी (कोंबड्या तोंड लावत नाहीत), चहाचा चोथा, केळ्याच्या साली, उरलेली आमटी, हे सगळं कंपोस्टच्या डब्यात नाहीतर बादलीत जातंच. फार तर एक तृतीयांश ओला कचरा कोंबड्या वळवतात आणि त्यांची स्वतःची शी कंपोस्टमध्ये वाढते ती वेगळीच, ती कच्ची झाडांना घालू नका, मुळं जळतात.

आता भिंतीपाशी जुन्या टबात अझोला लावलाय, पाण्यावर वाढतं ते बारीक शेवाळासारखं नेचं, प्रोटीन चांगलं असतं म्हणतात सगळे. सध्या तांबडी टबात पाय बुडवून उभी राहून ते मुळासकट संपवतेय, वर जाळी बसवली की बघू किती टिकतं. कोणाकडे अझोलाचं बी म्हणजे आपलं विरजण जास्तीचं असेल, सिंहगड रोड, वारजे, धायरी भागात, तर कमेंटमध्ये सांगा. बदल्यात अंडी. तांबडीची की गावरानची, ते तुम्हीच निवडा.